पिवळा पास

नोकरीचं पत्र आलं तेव्हा अप्पांनी गावात पेढे वाटले, पण पोरगी नेमकं काय काम करणार हे त्यांना कोणाला नीट सांगता आलं नाही. "हेलिकॉप्टर करतेत तिथं," एवढंच ते म्हणायचे. इस्लापूरकडच्या आमच्या भागात हेलिकॉप्टर यायचं ते निवडणुकीत, शाळेच्या मैदानावर धुरळा उडवत. त्यामुळे निम्म्या गावाची समजूत झाली की मी एखाद्या पुढाऱ्याकडे कामाला लागले. एका म्हाताऱ्यानं तर मला वाटेत थांबवून विचारलं, "पण माय, साहेब मानूस म्हणून नीट हाय ना?"

कारखाना सरकारी होता, दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराबाहेर. तिथे फौजेसाठी हेलिकॉप्टरं बनतात, तशी फौजेबाहेरच्यांसाठीही बनतात. कोणाला पुरातली माणसं उचलायची असतात, कोणाला समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर कामगार न्यायचे असतात. फौजेची हिरवी-करडी, बाकीची पांढरी, अंगावर एखादा निळा पट्टा. आवाराच्या मधोमध एक भिंत होती. पांढरी हेलिकॉप्टरं भिंतीच्या अलीकडे, हिरवी पलीकडे.

आम्ही अकरा जण एकाच दिवशी प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झालो. सगळ्यांना पिवळे पास मिळाले. पिवळ्या पासावर भिंतीच्या अलीकडेच काम करायचं. प्रत्येकाच्या गावी पोलीस जाऊन चौकशी करणार, चारित्र्य पडताळणीचा कागद येणार, मग निळा पास. निळ्या पासावर भिंतीतलं फाटक उघडतं. तोवर नोकरी कच्ची.

मला तपासणी विभागात टाकलं. तिथले वरिष्ठ निवृत्तीला आलेले, बारीक आवाजात बोलणारे कन्नड गृहस्थ होते. पहिल्याच दिवशी त्यांनी एका पांढऱ्या हेलिकॉप्टरचं पोट उघडून मला आत डोकावायला लावलं. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की त्यावर लाल रंगाची एक रेघ ओढलेली असते, बोल्टवरून खालच्या पत्र्यापर्यंत. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. "रेघ बघायची," ते म्हणाले. "आणि रेघ सरळ दिसली तरी हात लावून बघायचं. ज्यानं बोल्ट आवळला तो कितीही चांगला माणूस असू दे. त्याच्या चांगुलपणावर मशीन उडत नाही."

मला ते काम आवडलं. नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना मी वर्कशॉपमध्ये रमायचे. त्यानंतर दीड वर्ष लातूरला एका क्लासमध्ये डाऊट काउंटरला बसले होते. बारावीची पोरं फिजिक्सच्या शंका घेऊन रांग लावायची आणि मी एकेक सोडवायचे. ते करता करता मी ह्या कारखान्याची परीक्षा दिली.

दुसऱ्या महिन्यापासून निळे पास यायला लागले. माझी रूममेट केरळची होती, तिचा पास पहिल्या तिघांत आला. आधी ती जेवताना पलीकडच्या गमती सांगायची. एक दिवस सांगणं बंद झालं. मी विचारलं तर ती ताटाकडे बघत म्हणाली, "तुला सांगायला परवानगी आहे की नाही, मला माहीत नाही." ती वाईट मुलगी नव्हती. पण त्या दिवसापासून ती आपली डायरी कपाटात कुलपात ठेवायला लागली, आणि ते माझ्या लक्षात यावं इतकी आमची खोली लहान होती.

चौथ्या महिन्यात दहा निळे पास झाले. पिवळा एकटा माझा.

त्याच महिन्यात आरसा हरवला. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा, लांब दांडीचा, अडचणीच्या जागी काय आहे ते बघायचा छोटा आरसा. आमच्याकडे हत्यारांची एक मोठी फळी असते. प्रत्येक हत्याराच्या जागी त्याच्याच आकाराचा काळा ठसा रंगवलेला. काम संपलं की हत्यार ठशावर बसलं पाहिजे. त्या मंगळवारी दुपारी आरशाचा ठसा रिकामा होता. हत्यार मशीनच्या आत राहिलं आणि उडताना कशात अडकलं तर माणसं मरतात. म्हणून ते सापडेपर्यंत मशीन हलत नाही आणि शेडमधून माणूसही हलत नाही.

आमच्या खिशांपासून तपासणी सुरू झाली. बाकीच्यांचे खिसे त्यांचे त्यांनी उलटे केले. माझ्यासाठी सुरक्षा विभागातली बाई बोलावून घेतली. मला सगळ्यांच्या नजरा गळ्यातल्या पासावर जाणवत होत्या. दोन तासांनी आरसा सापडला. केबिनच्या फरशीखालच्या खणात, आमच्यातल्याच एका निळ्या पासवाल्यानं टॉर्च धरताना बाजूला ठेवलेला. सगळे हसले, त्याला लेखी ताकीद मिळाली, काम पुन्हा सुरू झालं. पण सुरक्षा अधिकाऱ्यांनी संध्याकाळी बोलावलं ते मला.

ते फौजेतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे गृहस्थ. हिंदीत बोलायचे.

"तुमचा तालुका जंगलाचा ना?"

"हो सर. किनवट."

"पलीकडे तेलंगणा."

"हो."

"घरातलं कोणी बरीच वर्षं बेपत्ता वगैरे?"

मी नाही म्हणाले. मग शेताला लागून कोणाचं शेत आहे, भाऊ काय करतो, लातूरला कोणाबरोबर राहत होते, सगळं विचारून झालं. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. शेवटी फाइल मिटून ते म्हणाले, "दहा जणांचे कागद येतात आणि एकाचा येत नाही, तेव्हा कारण असतं. तुमचं तुम्हाला माहीत असेल तर आधी सांगितलेलं बरं."

खोलीवर येईपर्यंत मला कारण सापडलं होतं.

माझे धाकटे काका आमच्या गावचे पोलीस पाटील. गावातल्या कोणाचीही चौकशी आली की पोलीस आधी त्यांच्या दारात बसतात. आणि काकांच्या घरात माझ्याबद्दल राग होता. मी विष्णुपुरीला तिसऱ्या वर्षाला असताना काकूनं आपल्या भाच्याचं स्थळ आणलं होतं. त्याचं भोकरला खताचं दुकान, घर पक्कं, मुलगा निर्व्यसनी. मी नाही म्हणाले, तेही सगळ्यांसमोर, वर "मला शिकायचंय" असं शहाणपणानं. त्यानंतर काकू आमच्या घरी संक्रांतीच्या वाणालाही आली नाही. काका यायचे, पण ओट्यावरूनच परत जायचे.

मी अप्पांना फोन लावला. आरशाचं सांगितलं, सुरक्षा अधिकाऱ्यांचं सांगितलं, आणि म्हणाले, "काकांनी काही उलटं लिहून दिलं का हो?"

"त्यानं?" अप्पांनी विचारलं. त्यांच्या मनात तोवर हे आलंच नव्हतं, हे त्या विचारण्यातून मला कळलं. मग ते म्हणाले, "काकू लिहायला लावू शकती."

"मग विचारा ना त्यांना."

विचारा म्हणजे घरी जाऊन विचारा, असं मला म्हणायचं होतं. अप्पांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर, दहा-बारा माणसांत, सख्ख्या भावाला विचारलं, "पोरीचा घास काढून तुला काय मिळालं रे?" काका एक शब्द बोलले नाहीत. चपला घातल्या आणि निघून गेले. हे आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत होती. मला मात्र बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. ते गप्प राहिले म्हणजे तेच, असा मी हिशेब लावला.

मी पाच दिवसांची रजा टाकून गावी गेले. वैशाखाचं ऊन होतं. काका अंगणात लिंबाखाली हळदीचं बेणं निवडत बसले होते. काकूनं मला बघितलं आणि आत गेली. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "काका, तुम्ही पोलिसांना काय लिहून दिलं?"

"बस."

"बसायला नाही आले."

त्यांनी हात झटकले, आत जाऊन एक कागद आणला आणि माझ्यासमोर बाजेवर ठेवला. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नक्कल ते ठेवतात. माझं शिक्षण, वागणूक, घराणं, सगळं सरळ. खाली छापील मजकुरात नसलेल्या दोन ओळी त्यांनी हातानं लिहिल्या होत्या. सदर मुलगी लहानपणापासून माझ्या पाहण्यात आहे. तिच्यासारखी मुलगी देशाच्या कामी गेली हे आमच्या गावाला भूषण आहे.

मी वाचलं. आणि मनात आलं ते हे की अप्पा बोलल्यावर घाबरून आता लिहून ठेवलं असेल. आज ते आठवलं की लाज वाटते. मी कागद उलटून तारीख बघितली. पारावरच्या बोलण्याच्या दोन महिने आधीची होती.

काकांनी मला तारीख बघताना बघितलं. "पटत नसल तर किनवटला जाऊन ये," ते म्हणाले. "मी तीनदा जाऊन आलोय. लवकर पाठवा म्हणून मागं लागून राहिलो होतो त्यांच्या. तुझ्या बापाला सांगितलं न्हाई, कारण तो इचारायला आला नव्हता, बोलायला आला होता."

"मग तुम्ही पारावर का नाही सांगितलं?"

"थोरला हाय तो. चार माणसांत त्याला खोटा पाडू का?" ते पुन्हा बेण्याकडे वळले. "पोलीस पाटलावर शक घेतेत लोकं, सवय हाय. घरचा शक जरा जड जातो पचायला."

मी तशीच किनवटला गेले. ठाण्यातल्या हवालदारानं जावक रजिस्टर काढून ओळीवर बोट ठेवलं. माझा कागद केव्हाच नांदेडला गेला होता, साफ. त्यानं वर बघून विचारलं, "अजून कुठं राहिलात का तुम्ही?"

"लातूरला. दीड वर्ष."

"मग तिकडं बघा ना, मॅडम. आमच्याकडं काऊन फिरून राहिले?"

रात्री नांदेडला थांबून दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं लातूर गाठलं. तिथल्या ठाण्यात कागद सापडायला दुपार झाली. शेरा एका ओळीचा होता. सदर नावाची मुलगी या पत्त्यावर कधीही राहिलेली नाही.

सुरक्षा अधिकाऱ्यांचं ताठ बसणं तेव्हा मला समजलं. मी अर्जात लिहिलेला पत्ता पोलिसांच्या लेखी खोटा होता.

त्या पत्त्यावर मी ज्यांच्याकडे राहत होते त्या मावशी एकट्या. क्लासच्या मुलींना खोल्या द्यायच्या. मी गल्लीत शिरले, तेच लोखंडी दार वाजवलं. आतली कडी निघाली नाही, दाराची छोटी खिडकी तेवढी उघडली. एक डोळा दिसला.

"कोण पायजे?"

"मावशी, मी. वरच्या खोलीतली. क्लासमध्ये डाऊट काउंटरला बसायचे."

"वरच्या खोलीत कोणी राहत न्हाई."

"आता नसेल. मी राहायचे, दीड वर्ष."

"नळाला पाणी किती दिसानं यायचं?"

"दहा. उन्हाळ्यात पंधरा."

"आन तुझं पाणी कशात असायचं?"

"निळ्या ड्रमात. त्याचा कान तुटला होता. तुम्हीच दिलेला."

कडी निघाली. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाळलीस," म्हणाल्या आणि पाणी आणायला गेल्या.

मी विषय काढला. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी कोणी पोलीस माझी चौकशी करायला आला होता का? मावशी सावध झाल्या. "आला होता एक. तुझं नाव घेऊन इचारू लागला. म्हणलं, अशी पोरगी हितं राहिलीच न्हाई."

"पण का मावशी?"

"अंगावर वर्दी न्हाई, काही न्हाई. पोलीस हाय म्हणला. कोणीबी म्हणल." त्या खाली बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तिथे दीड वर्ष राहूनही मला माहीत नव्हतं. माझ्या आधी त्यांच्याकडे उदगीरकडची एक मुलगी होती. तिची चौकशी करत असाच एक माणूस आला, पोलिसातला आहे म्हणाला, आणि मावशींनी खोली दाखवली, क्लासची वेळसुद्धा सांगितली. तो तिच्या चुलत्यांचा माणूस होता. दोन दिवसांनी जीप आली आणि मुलीला लग्नासाठी उचलून घेऊन गेली. बारावीचा पहिला पेपर आठ दिवसांवर होता.

"तवापासून पोरींचा पत्ता मी देवालाबी देत न्हाई," मावशी म्हणाल्या. "मला वाटलं तुझ्याबी मागं कोणी लागलंय."

जिच्यामुळे माझी नोकरी अडकली होती ती बाई माझी राखण करत होती, आणि ज्याला मी चोर ठरवलं तो तीनदा किनवटच्या खेपा घालत होता. रडायला आलं. मावशींना वाटलं मी त्यांच्यावर रागावले.

"मग आता काय करायचं म्हणतीस?"

"ठाण्यात येऊन सांगाल?"

त्यांना पोलीस ठाण्यात जायचं नव्हतं. आधी माझं ओळखपत्र मागितलं. पिवळा पास उलटसुलट करून बघितला. "सरकारचा कारखाना हाय म्हणतीस. मग हेलिकॉप्टर आमच्या कामाचं का पुढाऱ्यांच्याच?" मी पुराचं सांगितलं, फौजेचं सांगितलं, डोंगरातून आजारी माणूस आणता येतो ते सांगितलं. "लातूरला आलं न्हाई कधी आजारी मानसाला न्यायला," त्या म्हणाल्या. पण आत गेल्या, चांगलं लुगडं नेसल्या, आधार कार्ड पिशवीत टाकलं आणि दाराला दोन कुलपं लावून माझ्याबरोबर निघाल्या.

ठाण्यात चौकशीला आलेला तोच शिपाई होता. या वेळी वर्दीत. तो वैतागून म्हणाला, "मावशी, खोटा जबाब दिला तुम्ही!"

"खोटा कसा?" मावशी म्हणाल्या. "तू कोण ते मला माहीत न्हाई. अनोळखी गड्याला बाईनं काय सांगायचं असतंय तेच सांगितलं. आधी तुझं कार्ड दाखव."

त्यानं दाखवलं. मावशींनी ते दूर धरून वाचलं आणि मगच नवा जबाब लिहून दिला. मुलगी दीड वर्ष राहिली, वेळेवर यायची-जायची, वागणुकीला चांगली.

बसस्टँडवरून मी अप्पांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

"मग मी पारावर बोललो ते?" त्यांनी विचारलं.

"ते मीच बोलायला लावलं."

"बोललो तर मीच ना," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पावसाळ्यात निळा पास आला. सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हातानं दिला. माफी मागितली नाही, आणि मागावी असं मला वाटलंही नाही. एका मुलीचा पत्ता खोटा निघाला होता, त्यांनी विचारलं. मी फाटकातून पलीकडे गेले. पाती न बसवलेली एक हिरवी मशीन उघडी उभी होती, आतल्या तारा जुड्या बांधून लोंबत होत्या, आणि माझे वरिष्ठ तिच्याखाली उताणे पडून बोल्ट बघत होते. अलीकडच्या मशीनसारखीच ती होती. मला वाटत होतं काहीतरी वेगळं असेल. रूममेट पुन्हा जेवताना बोलायला लागली, कपाटाचं कुलूपही गेलं. मी हसून ऐकायचे. पण मनातली गोष्ट तिला सांगायची राहिली ती राहिलीच.

महालक्ष्म्यांना मी गावी गेले. आमच्या भावकीच्या महालक्ष्म्या आमच्याच घरी बसतात. काकू आली, पुरणाला बसली, माझ्याशी दोन शब्द बोललीसुद्धा. काका आले नाहीत. आई म्हणाली, पारावरच्या त्या दिवसापासून दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलेलं नाही. अप्पांना पश्चात्ताप होता, पण त्यांच्याच्यानं पारावर जाऊन ते शब्द परत घेणं होत नव्हतं. "जमल तवा बोलीन," म्हणायचे. त्यांना जमणार नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेले. आमच्याकडे बायका पाराला हात लावून पुढे जातात, तिथे थांबत नाहीत. आठ-दहा जण बसले होते, काका एका कडेला. मी उभी राहिले. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा काढला.

"काकांनी माझ्याबद्दल वाईट लिहिलं असं अप्पा इथं बोलले. ते खरं नव्हतं. शक माझा होता, मीच अप्पांना बोलायला लावलं. काकांनी चांगलं लिहिलं होतं, आणि माझ्या कागदासाठी किनवटला तीनदा गेले होते."

एकानं खाकरून तंबाखू थुंकली. काकांनी माझ्याकडे बघितलं, पोलीस पाटील अनोळखी माणसाकडे बघतो तसं, सावकाश.

"नोकरी पक्की झाली म्हणून आलीस, का खरंच वाटतंय म्हणून?"

मी विचार केला. पास आला नसता तर मी आले असते का, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

"दोन्ही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "हाव," म्हणाले, "हे खरं असल." आणि सरकून मला बसायला जागा केली.

अप्पा आणि ते अजून एकमेकांशी बोलत नाहीत.